दुभाष्यांच्या घरची कॉफी

अरे, ये, जवळ ये. म्हणजे तू तिकडे श्रूजबरीत आणि मी इकडे अमेरिकेत ट्रॉयमध्ये, पण खुर्ची पुढे ओढून वाच. मला न विचारता सगळ्या गोतावळ्यात सांगत सुटलास, ‘मावशी अरबी आजोबांच्या घरी हटून बसली आणि नातीचं काम करून आली!’ शोभतं का तुला? मी कशाला हटून बसते? झालं ते असं.

नातीची पीएचडी कशावर, तर अरब देशांत इंग्रजांचे आणि अमेरिकनांचे राजदूत कसकसे वागले यावर. तिची पुस्तकं तिच्यामागून मीही वाचते, कळतं तेवढं. पण तिचे प्रोफेसर अडून बसले. त्या काळातला एक तरी जिवंत माणूस बोलला पाहिजे, नाहीतर हा चॅप्टर कॅन्सल. मुदत एप्रिलची. आणि असा माणूस आमच्याच रस्त्याच्या टोकाला! जॉर्डनचे, नव्वदीला टेकलेले आजोबा, मुलीकडे राहतात. आधी इंग्रजांच्या वकिलातीत दुभाषी, मग अमेरिकनांच्या. आता मात्र हट्टाने अरबीतच बोलतात, इंग्रजी मुलगी करून सांगते. नात दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा कॉफी प्यायली, खजूर खाल्ले, रेकॉर्डर काढला आणि आजोबा हसून म्हणाले, “पुन्हा या.” पोरगी घरी येऊन रडली. “आजी, आय ॲम डन.”

तिसऱ्या खेपेला शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी सोबत गेले. आजोबांनी स्वतः एवढ्याशा कपात कॉफी ओतून दिली. आता दुपारनंतर कॉफी घेतली की माझी छाती धडधडते, तुला माहीत आहे. पण पहिल्याच भेटीत आपली दुखणी कुठे सांगायची? मी आपली “नको नको” करत कप खाली ठेवला. आजोबांनी पुन्हा हात केला. मी पुन्हा “नको.”

झालं! आजोबांनी टीव्ही बंद केला, पाठ ताठ केली, मुलीला हाक मारली. मला वाटलं, आता लग्नाचीच बोलणी निघतात. मुलगी इंग्रजीत म्हणाली, “बाबा विचारताहेत, तुमचं काय काम आहे? ते होईल असा शब्द मिळेपर्यंत तुम्ही कॉफी पिणार नाही, हे त्यांना कळलंय.”

तिकडची रीतच तशी म्हणे. नात डोळे वटारून माझ्याकडे बघतेय. मी घाबरत म्हटलं, “हिला तुमच्या आठवणी हव्यात.”

“दिल्या,” आजोबा म्हणाले. “आता प्या.”

प्यायले बाबा! कडू जहर, वर वेलचीचा वास. कप परत दिला तर त्यांनी भरून दिला. परत दिला, परत भरला. चौथ्या कपाला मुलीला दया आली. पुरे म्हणायचं तर कप हातात हलवायचा असतो, हे मला तेव्हा कळलं.

मग आजोबा बोलायला लागले. एक इंग्रज साहेब होता म्हणे, टोळीच्या शेखसमोर तासभर कप न उचलता बसला आणि हवं ते घेऊन गेला. नंतर एक अमेरिकन साहेब आला. त्याने एका घोटात कॉफी संपवली, शेखच्या पाठीवर थाप मारली, कागद पसरले. शेख म्हणाला, “छान,” आणि उठून गेला.

“तुम्ही त्याला सांगायचं नाही का?” नात म्हणाली.

“मला शब्दांचा पगार होता, पोरी. कॉफीचं भाषांतर कुणी मागितलं नव्हतं.” मग म्हणाले, “पण इंग्रजाने बदल्यात दिलेला शब्द कधी पाळला नाही. तेव्हापासून रीत पाठ असलेल्या पाहुण्याची मला जास्त धास्ती वाटते.” आणि माझ्याकडे बघितलं.

काय करणार? मी छातीवर हात ठेवून खरं सांगितलं. रीतबीत मला काही ठाऊक नाही, डॉक्टरांनी मना केलंय. नातीने कपाळावर हात मारला. गेला चॅप्टर!

मुलीने भाषांतर केलं. आजोबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “मग हिलाच सांगतो,” म्हणाले. “शनिवारी या.”

आता दर शनिवारी जातो आम्ही. चॅप्टर अर्धा झालाय. आजोबा बोलतात, मुलगी इंग्रजी करते, नात लिहिते आणि मी नुसती ऐकते. पण आजोबांना आता प्रश्न पडलाय की या बाईंच्या माहेरचं कुणीच कसं दिसत नाही! मी काय सांगू? तू एकदा येऊनच जा. विमानतळावर नात घ्यायला येईल. येत्या महिन्यातला एखादा शनिवार बघ, आणि ये रे बाबा लवकर.