गावपळणीतल्या सासूबाई

लग्न होऊन सात-आठ महिने झाले होते. एका दुपारी नवरा जेवता जेवता म्हणाला, "परवा गाव सोडूचो आसा."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "म्हंजे? वादळ येतला काय?"

"वादळ कसला गो! गावपळण."

गावपळण मी लहानपणी कुडाळला ऐकली होती, पण ती जुन्या काळातली गोष्ट समजून. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि अख्खं गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतं. तीन दिवस गाव देवाला मोकळं. परतायचं तेही पुन्हा देवाचा कौल मिळाल्यावरच. फार्मसीचा डिप्लोमा घेतलेल्या मला या घरात दिली ती कोंबड्या काखोटीला मारून गाव सोडायला? माझं डोकंच फिरलं.

खरं तर ते आधीच फिरलेलं होतं. लग्नाआधी मी कुडाळात औषधांच्या दुकानात नोकरी करत होते. गावातून रोजची ये-जा जमेना म्हणून ती सुटली. नवऱ्याची नोकरीही कुडाळातच. तिथे खोली घेऊ, असं मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. एक खोली बघूनही आले होते. पण आईसमोर विषय काढायची वेळ आली की हा मूग गिळून बसायचा. आणि सासूबाई तरी कशा? घरात त्यांचं बोलणं म्हणजे हुकूम. पाणी ठेव, कोकमाची सोलं वाळत घाल, सासऱ्यांचा चहा उकळला की नाही बघ. स्वतः सगळ्यांच्या मागून, चुलीकडे तोंड करून जेवायच्या. त्यांचे दात मी तोवर पाहिलेच नव्हते. या बाईपासून मला पळायचं होतं, आणि गावपळण संपली की मी स्वतःच तोंड उघडणार होते.

वेशीबाहेर खाडीच्या काठी झावळ्यांची झोपडी उभी राहिली. पहिल्याच संध्याकाळी मी पाणी घेऊन आले तर कोणीतरी तोंडात दोन बोटं घालून सणसणीत शिट्टी मारली. वळून बघते तर सासूबाई! चटईवर मांडी ठोकून शेजारणींबरोबर मेंढीकोट खेळत होत्या, आणि डाव जिंकला होता. मी आ वासून बघतच राहिले.

"काय बघतस? बस. तुका पानां वाटूक येतत मां?"

मी बसले. कळशी तशीच हातात. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत एक दश्शी पदराखाली सरकवली आणि मला डोळा मारला. सासऱ्यांनी लांबून चहा मागितला तर म्हणाल्या, "चूल थंय आसा, पावडर थंय आसा. करा." आणि त्यांनी केला! पुरुष खाडीतून शिंपल्या, तिसऱ्या काढून आणत होते, रांधत होते, आणि माझ्या सासूबाई पहिल्या पंगतीला बसून, बोटं चाटून जेवत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी इतकी हबकले होते की धड हसूही येईना. मग घरात जी होती ती कोण?

परतायच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी गाठोडी बांधली. देवळाकडून निरोप आला, कौल झाला नाही. आणखी एक दिवस बाहेरच. सगळीकडे कुरकुर सुरू झाली. सासरे तर देवावरच चिडले. सासूबाईंनी मात्र गाठोडं खाली टाकलं, त्यावर बसल्या आणि खदखदून हसल्या.

"आई, तुमका घराक जावचा नाय?"

"नाय," त्या म्हणाल्या. इतकं सरळ.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी सांगून टाकलं. आम्हाला कुडाळात खोली घ्यायची आहे, माझी नोकरी, रोजची ये-जा, सगळं एका दमात. त्यांचं हसू गेलं. झालं, आता तोफेच्या तोंडी, असं म्हणून मी मान खाली घातली.

"केदी आसा खोली?"

"बारकीच. तुमका राग इलो?"

त्यांनी गावाकडे नजर टाकली. मग अगदी हळू, सासऱ्यांकडे एकदा बघून घेत, म्हणाल्या, "माका पण वांगडा नेशात?"

जिच्यापासून मी पळणार होते, तीच मला बरोबर ने म्हणत होती. त्या घरातून पळावंसं वाटणारी मी एकटी नव्हते. मी आपली नवी होते, त्या माझ्या जन्माआधीपासून वाट बघत होत्या, काही वर्षांनी येणाऱ्या तीन दिवसांची. मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी कौल झाला. उंबरा ओलांडताना त्यांनी पदर सारखा केला, चूल पेटवली. सासऱ्यांनी पडवीतून चहा मागितला. "पाणी ठेव गो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, त्याच जुन्या आवाजात. झोपडीतलं सगळं मला स्वप्न पडलं होतं की काय!

संध्याकाळी कुडाळच्या खोलीवाल्याचा फोन आला. खोली अजून रिकामी आहे, राहणारी माणसं किती, असं त्याने विचारलं. नवरा समोरच बसला होता. त्याला मी विचारलं नाही.

"तीन," मी मोठ्याने सांगितलं.

सासूबाई आत नारळ खवत होत्या. खवण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.