जू न घेणारा प्राणी

आमच्या घरातल्या जुन्या, पुठ्ठा निघालेल्या बायबलात ईयोबाच्या पुस्तकात एक गेंडा आहे. फोनवरच्या नव्या भाषांतरात त्याच जागी रानबैल! हे दिसलं त्या दिवशी मी पेटूनच उठले.

बाबा उमापूरच्या बाजारात धर्माची पत्रकं वाटतात. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. त्यामुळे मीही पत्रकच लिहिलं : ‘गेंडा नव्हे, रानबैल! ही फसवणूक थांबवा!’ गेवराईहून झेरॉक्स काढून गठ्ठा बाबांसमोर ठेवला.

“हे माझ्या पिशवीत जाणार न्हाई,” बाबा म्हणाले.

“कावून? ईयोबाच्या देशात गेंडे नव्हतेच.”

“तू गेलतीस का बघायला?”

मला तर त्याच बाजारात, त्यांच्याच हातून माझं पत्रक वाटलं जायला हवं होतं. मी दोन्ही भाषांतरं उचलली आणि बाबांना ओढतच शेजारच्या मामांकडे नेलं. मामा गावातल्या खोंडांना औताची सवय लावून देतात. बायबल त्यांनी कधी उघडलेलंही नाही. प्राण्याचं नाव गाळून मी त्यांना वाचून दाखवलं. देव ईयोबाला विचारतो, हा तुझ्या गव्हाणीपाशी राहील का? दोर बांधून नांगराच्या तासात चालेल का? तुझं धान्य खळ्यावर आणील का?

“मामा, कोण असेल हा? गेंडा?”

मामा एवढे हसले की दावणीचा खोंड बिचकला. “आगं येडे, गेंड्याला कोण इचारतं, जू घेतो का म्हणून? ज्याच्या भावाला आपण जुपतो, त्यालाच इचारत्यात! बैलच हाय ह्यो. पर रानातला. लई माजलेला.”

मी टाळीच वाजवली! एवढी पुस्तकं धुंडाळली, पण त्या प्रश्नांतलं औत मला दिसलंच नव्हतं.

बाबा माझ्या पत्रकावरच्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “आन् ही फसवणूक? ज्यानं गेंडा लिहिला, त्यानं औत हाकलं नसंल. म्हणून त्यो लबाड का?”

राग आला. पण औत मीही हाकलेलं नव्हतं.

मामांच्या ओट्यावर बसून मी एकेका प्रतीवरची फसवणुकीची ओळ खोडली आणि खाली मामांचा प्रश्न लिहिला : ‘गेंड्याला कोण इचारतं, जू घेतो का म्हणून?’ शाई वाळायच्या आधीच बाबांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.