न अडखळण्याची शाबासकी

अख्खी गल्ली त्यांना मिक्सरवाले काका म्हणायची. तीस वर्षं दुरुस्तीच्या दुकानात एकाच टेबलावर मिक्सरच्या मोटारी उघडून बसलेला माणूस. नुसत्या घरघरीवरून बेअरिंग गेलंय की ब्रश झिजलाय, ते सांगायचा. लेकीवर मात्र जीव ओवाळून टाकायचा.

लेक लहानपणापासून अडखळत बोलायची. एखादं वाक्य सलग बोलली की काका लगेच पाठ थोपटायचे, "वा! आज एकदाही अडखळली नाहीस!"

रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिची मुलाखत होती. तिथून ती तोंड पाडून दुकानात आली.

"काय गं, अडखळलीस का?"

"एकदाही नाही. म्हणूनच गेली नोकरी."

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे?"

"कोणती यंत्रं हाताळली, विचारलं. पहिलंच मायक्रोस्कोप. 'म'वर मी हमखास अडकते, म्हणून 'ते बघायचं यंत्र' म्हटलं. त्यांना वाटलं, हिला काही येत नाही." ती काकांकडे वळली. "तुम्ही न अडखळण्याची शाबासकी देता ना, ब-ब-बाबा, म्हणून मी शब्दच गाळते."

दिवसभर काकांचं कामात लक्ष लागेना. कौतुक करता करता आपणच पोरीचं तोंड बांधलं की!

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लॅबचा मुलाखतीसाठी फोन आला, तेव्हा ती दुकानातच होती.

"आधीच सांगते, मी अ-अडखळत बोलते. वाक्य माझं मला पुरं करू द्या."

'म'वर ती चांगलीच अडकली. काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मायक्रोस्कोप आला, त्यामागून बाकीची यंत्रंही आली. मग शिकत असताना रक्ताच्या नमुन्यांच्या दोन बाटल्यांची अदलाबदल तिने कशी पकडली होती, तेही तिने सांगितलं.

फोन ठेवून ती बापाकडे बघू लागली. 'थोडीच अडखळलीस' असं जुन्या सवयीने काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांनी विचारलं वेगळंच.

"बाटल्यांची अदलाबदल तू पकडलीस? मला बोलली नाहीस कधी!"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती हसली आणि सांगतच सुटली, अडखळत, हातवारे करत.

मिक्सर न्यायला आलेल्या बाईंनी हळूच विचारलं, "मुलीच्या बोलण्यात दोष आहे का हो?"

"दोष कसला? अडखळत बोलते, एवढंच. बसा, ऐका तरी काय म्हणतेय ते." काकांनी स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या आणि चक्क प्रश्न विचारू लागल्या.

चार दिवसांनी लॅबचा होकार आला. पगार किती, सुट्टी कधी, हे सगळं लेकीने स्वतः फोन लावून विचारून घेतलं.