हेदीच्या हाताजोग्या फळ्या

बिझर्त गावाच्या जुन्या बंदरामागे सुतारांची गल्ली आहे. शादलिया तिथं रंध्याच्या आवाजात वाढली. लहानपणी ती बापाच्या दुकानात फळ्या घासायची, भुसा झाडायची. पण अंगानं मोठी झाली तशी आई म्हणाली, "पुरे आता. दुकानात गिऱ्हाईकं येतात." दुकान भावाकडे गेलं आणि शादलिया कपड्यांच्या कारखान्यात. तिथं ती कागदी साचे कापायची. नोकरी संपेपर्यंत तिनं तेच केलं, आणि असं केलं की तिच्या साच्यावर बेतलेली बाही कधी खांद्याला ओढली नाही.

तिचा नवरा हेदी न्हावी. माशांच्या बाजाराजवळ त्याचं दुकान होतं. निम्म्या गावाच्या दाढ्या आणि सगळ्या गावाच्या बातम्या त्याच्या हाताखालून जायच्या. पण साखरेच्या दुखण्यानं डोळे अधू होत गेले आणि एके वर्षी, ईद झाल्यावर, त्यानं स्वतःच दुकानाचं शटर ओढलं. "एखाद्याचा कान कापण्याआधी थांबलेलं बरं," एवढंच म्हणाला. मग घरी बसला. आता त्याला खिडकीचा उजेड तेवढा कळायचा.

आंधळेपणापेक्षा त्याला बायकोनं आणून दिलेली कॉफी जास्त जाचायची. तीस-पस्तीस वर्षं सकाळची कॉफी त्यानं केली होती. एकदा ती बाहेर गेल्याची चाहूल घेऊन तो स्वयंपाकघरात शिरला आणि भिंतीवरच्या कपाटाचं उघडं दार कपाळात बसलं. शादलिया परत आली तेव्हा गडी खाली बसलेला, भुवईतून रक्त, आणि मांडीवर सांडलेलं जिरं.

"डबा सापडला बरं का," तो म्हणाला. "पण जिऱ्याचा."

त्याला टाके घालून आणल्यावर ती त्या कपाटाकडे बराच वेळ बघत राहिली. दार नको, कडी नको. भिंतीवर हात ठेवून सरकवला की फळी लागावी, फळीवर डबा. फळीखाली कोपऱ्यांचे लोखंडी आधारसुद्धा नकोत, बोटं अडकतील. ती भावाकडे गेली.

बशीर चहा पीत होता. "खालून आधार नाही? मग फळी कशावर राहणार, तुझ्या दुव्यावर?"

"भिंतीत सळया, फळीला मागून भोकं. फळी सळयांवर सरकवायची."

"ते मलाही ठाऊक आहे. आपल्या भिंती पोकळ विटांच्या आहेत, शादलिया. आणि फळीच्या कडेत इतकं खोल भोक सरळ पाडणं म्हणजे थट्टा नाही. मी येतो पुढच्या महिन्यात."

"तुझा पुढचा महिना मी लहानपणापासून ऐकतेय, खूया, माझ्या भावा. फळ्या दे आणि ड्रिल दे."

त्यानं हसत दोन्ही दिलं. पाइनच्या जाड फळ्या होत्या, चांगल्या वाळलेल्या.

पहिली फळी लागली आणि दुपारपर्यंत रुसलेल्या ओठासारखी खाली झुकली. संध्याकाळी हरिसाची, मिरचीच्या चटणीची, बरणी घरंगळली आणि फरशीवर लालभडक चिखल झाला. शादलिया खुर्चीवर बसली.

"किती पडलं?" हेदीनं विचारलं.

"सगळं."

"बरं झालं. फार तिखट केलं होतंस."

तिला हसू फुटलं. मग तिनं सळया उपसून बघितल्या. बशीर म्हणाला तेच खरं, विटेच्या पोकळीत सळईला धरायला काही नव्हतं. तिनं भोकं मोठी केली, ती सिमेंटच्या मसाल्यानं ठासून भरली, त्यात सळया रोवल्या, पाणसळ लावून सरळ केल्या आणि मसाला सुकेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही असं स्वतःलाच बजावलं.

राहिली नव्या फळीची भोकं. पट्टीनं मोजलं की केसभर चुकायचं, आणि केसभर चुकलं की फळी सळयांवर जायची नाही. मग तिला सुचलं की मोजायचंच कशाला? कारखान्यात ती खांदा कधी मोजत नसे, साचा ठेवत असे. तिनं जाड कागदाची पट्टी सळयांवर दाबली, कागदाला जिथं भोकं पडली तीच खूण फळीच्या कडेवर उतरवली. ड्रिल वाकडं जाऊ नये म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात सरळ भोक पाडून तो आधी कडेला आवळून बसवला.

फळी घासायला घेतली तेव्हा हेदी म्हणाला, "इकडे आण." त्यानं तळहात फिरवला. "इथं दाढी राहिलीय."

"कुठं? गुळगुळीत तर आहे."

"डोळ्यांना असेल. काचपेपर दे."

अंगणात, लिंबाच्या सावलीत, तो घासायला बसला. एका हातानं घासायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तपासायचा, जशी गिऱ्हाइकाची हनुवटी वळवून बघायचा तशी फळी वळवायचा. कडा त्यानं गोल केल्या, हाताला टोचू नयेत म्हणून. जवसाचं तेल चोळतानाही कुणाला हात लावू दिला नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "हेदी, दुकान उघडलंस वाटतं!" तर हा म्हणतो, "हो, पण हे गिऱ्हाईक बरं आहे. राजकारण बोलत नाही."

फळी सळयांवर टेकवली, दोघांनी दोन टोकांना तळवे लावले आणि ढकललं. अर्ध्यावर अडली. हेदीनं मुठीनं हळूच ठोकलं, तशी ती भिंतीला जाऊन अशी भिडली की मध्ये कागद जाईना.

बशीर शुक्रवारी आला. त्यानं फळीवर दोन्ही कोपरं टेकून अंगाचा भार दिला. मग खाली वाकून बघितलं, बोटानं भिंतीची सांध चाचपली. "आईनं तुला दुकानाबाहेर काढायला नको होतं," तो म्हणाला आणि लगेच, "कॉफी कुणी देतं का या घरात?"

"बस," हेदी म्हणाला. भिंतीवर हात सरकवत तो गेला. दांड्याचं तांब्याचं भांडं, कॉफी, साखर, नारंगीच्या फुलांचं पाणी, सगळं हाताला लागलं. कॉफी किंचित उतू गेली. बशीर ती पिऊन म्हणाला, "गोड झालीय." हेदीनं ते कौतुक म्हणून घेतलं.

मग त्या घरात फळ्या वाढत गेल्या. न्हाणीघरात एक, पलंगाशी एक. नवी भोकं ती पाडायची, घासायचा तो. शेजारणीचीही एक झाली. स्वयंपाकघरातले डबे मात्र हेदीनं हळूहळू स्वतःच्या मनाप्रमाणे लावले, काही जड-हलके बघून, काही झाकणं बघून. आता दुपारी शादलिया चुलीपाशी उभी राहून हाक मारते, "हेदी, मीठ कुठं ठेवलंस रे?"

"डोळे आहेत ना तुला? बघ की," बाहेरून उत्तर येतं.