दोन टोपणं स्पिरिट

आमच्या ह्यांना मी भित्रे म्हणायची. तोंडावर म्हणायची, चारचौघांत म्हणायची. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी विहिरीवर बेडूक पायावर पडला म्हणून ह्यांनी जी बोंब ठोकली, ती आमच्या अख्ख्या गास गावाने ऐकली होती. मग दुसरं काय म्हणणार?

आमची केळीची वाडी तीन भावांत वाटली गेली आणि ह्यांच्या वाट्याला चार रांगा आल्या. म्हणून हे मुंबईला एका प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले. चिकटवलं शेजारच्या फर्डिनंडने. तो तिथे आधीपासून गॅसच्या टाक्या सांभाळायचा. दोघे एकाच सायकलवरून नालासोपारा स्टेशनला जायचे. फर्डिनंड चालवायचा आणि हे त्याचा खांदा घट्ट धरून मागे बसायचे. सायकल चालवायचीही ह्यांना भीती, घ्या!

तिथलं काम ह्यांनी मला चुलीपुढे बसून समजावलं होतं. साहेब पोटातले जंतू मिठाच्या पाण्यात घालून काचेच्या नळ्यांत भरायचे. एका नळीत ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे, दुसरीत नायट्रोजनचे. मग दोन्हींवर सारखाच एक्स-रे सोडायचा. तरी ऑक्सिजनच्या नळीतले जंतू पटापट मरायचे आणि नायट्रोजनमधले पुष्कळ तगायचे. तगलेला एकेक जंतू बशीत वाढून दुसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका व्हायचा. ते ठिपके साहेब मोजायचे. टाक्या उघडणं फर्डिनंडकडे. मिठाचं पाणी करून ठेवणं आणि वापरलेल्या नळ्या धुणं ह्यांच्याकडे. सामानाच्या कपाटाची किल्ली दोघांकडेही असायची.

"म्हणजे जिवंत जंतूंत हात घालता तुम्ही?" मी विचारलं.

"साहेब म्हणतात, ते साधे आहेत. कुणाला काही करत नाहीत."

"मग साहेबांना सांगा की धुवायला!"

चौपन्न साली दिवाळीनंतर आमच्या सुमनला विषमज्वर झाला. सहा वर्षांची पोर, अंग तव्यासारखं तापलेलं, मला ओळखेनाशी झाली. माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच आणलात हा ताप घरात," मी ह्यांच्यावर ओरडले. पोरीला हात लावू देईना. हे उंबऱ्याबाहेर उभे राहून तिच्याकडे बघत राहायचे. आगाशीच्या दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली होती की स्पिरिटने जंतू मरतात. मी ह्यांना बजावलं, "स्पिरिटने हात धुऊन या, नाहीतर तिच्याजवळ फिरकू नका."

ते दिवस दारूबंदीचे. प्रयोगशाळेत स्पिरिट परवान्यावर यायचं, थेंबाथेंबाचा हिशेब. तरी हे रोज कपाटातून चोरून ओंजळभर घ्यायचे आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. एवढ्यानेही ह्यांची भीती जाईना. शेवटी ह्यांनी मिठाच्या पाण्याच्या बाटलीतच दोन टोपणं स्पिरिट ओतायला सुरुवात केली. म्हणजे नळ्या धुवायला येईपर्यंत जंतू अर्धेमेले होतील, असा ह्यांचा हिशेब. हे मलाही बोलले नव्हते.

झालं भलतंच. ऑक्सिजनच्या नळीच्या बशाही ठिपक्यांनी भरून गेल्या. साहेबांनी तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. त्यांना वाटलं, फर्डिनंड ऑक्सिजनऐवजी नायट्रोजनची टाकी उघडतोय. त्यातच कपाटातली स्पिरिटची बाटली निम्मी झालेली सापडली. फर्डिनंड ख्रिस्ती, म्हणजे पीत असणारच, असं साहेबांनी धरून टाकलं! त्याला सांगितलं, "शनिवारपर्यंत कबूल कर, नाहीतर नोकरी जाईल आणि पोलीसही येतील."

सोमवारी संध्याकाळी ह्यांनी मला सगळं सांगितलं. "जयवंती, मी साहेबांना सांगून टाकतो," म्हणाले.

पोलीस ह्यांना नेतील, पोर अशी पडलेली, औषधं कोण आणणार? मी म्हटलं, "गप्प बसा. एक अक्षर बोललात तर माझ्या गळ्याची शपथ."

हे गप्प बसले. मंगळवारी गप्प, बुधवारी गप्प. सकाळी फर्डिनंडची घंटी वाजली की मी दाराआड व्हायची.

गुरुवारी त्याची बायको ग्रेसी सुमनसाठी पेज घेऊन आली. "जयवंतीबाय, पोरीसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली हो," म्हणाली. "आमच्या ह्यांच्या पोटात काय झालंय देव जाणे, चार दिवस जेवत नाहीत. विचारलं तर अंगावर येतात." तिला काहीच माहीत नव्हतं. तिने सुमनचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पेज भरवायला बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी हे आल्या आल्या मी म्हटलं, "शपथ सुटली. उद्या सांगून टाका."

"मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. पण जा."

शुक्रवारी ह्यांनी सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं, "किती टोपणं?" आणि लगेच ताज्या पाण्याच्या नळ्या भरायला लावल्या, काही स्पिरिटच्या, काही बिनस्पिरिटच्या. निकाल शनिवारी कळणार होता. त्या शनिवारी मी चार वाजल्यापासून वाडीच्या बांधावर उभी. एकटा फर्डिनंड आला तर काय करायचं, हाच विचार.

सायकल आली. दोघे होते. मी तिथेच खाली बसले.

स्पिरिटच्या बशांत ठिपकेच ठिपके होते, बिनस्पिरिटच्यांत मोजून पाच-सात. साहेब म्हणाले, "एवढ्याशा स्पिरिटने जंतू मरत नाहीत, उलट एक्स-रेपासून ते वाचतात." पोलीस आले नाहीत. दोघांच्या नोकऱ्या राहिल्या. ह्यांची कपाटाची किल्ली तेवढी गेली.

फर्डिनंड आमच्या ओट्यावर चहाला बसला. मी म्हटलं, "भाऊजी, माफ करा."

"मला माहीत होतं, वहिनी. रोज माझ्या खांद्यावर हात ठेवून बसायचा. हाताला स्पिरिटचा वास."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"पोर तापात होती ना." मग तो ह्यांच्याकडे वळला. "पण नरहरी, चार दिवस मी त्या सायकलवर वाट बघत होतो रे, तू काहीतरी बोलशील म्हणून."

हे मान खाली घालून बसले. 'हिने शपथ घातली होती' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते म्हणाले नाहीत. मी समोर कपबशी धरून उभी होते, मीही म्हणाले नाही.

सुमन बरी झाली, आज तिला नातवंडं आहेत. फर्डिनंड गेला तो 'नरहरी चार दिवस घाबरला' हेच धरून गेला. ह्यांना मात्र त्या दिवसापासून मी भित्रे म्हटलं नाही.