मिस्त्रींच्या कानाविषयी

"आधी सांगा, तुमाला काय ऐकू आलं?"

गाडी कोणाचीही असो, छावणीतल्या आमच्या मिस्त्रींनी हा प्रश्न विचारल्यावाचून कधी बोनेट उघडले नाही. हात पुसत ते गिऱ्हाइकासमोर उभे राहत, त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत पापणी हलू देत नसत. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील; त्यांच्यापुढे बोलताना आपण फार महत्त्वाचे बोलत आहोत असे वाटू लागते. लोक म्हणत, मिस्त्रींची नम्रता पाहा. मी म्हणतो, नम्रतेचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

गेल्या महिन्यात त्यांच्या शोकसभेत एकामागून एक वक्त्यांनी सांगितले की, मिस्त्री इंजिन कानाने जुळवत. बँकेतून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले एक गृहस्थ तर म्हणाले की, नुसता कान लावून त्यांनी आजारी सिलिंडर ओळखल्याचे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मी उभा राहून हरकत घेतली. मला खाली बसवण्यात आले. ज्याला सभेत बसवले जाते त्याला लिहिण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षे इंजिने तपासलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

माझी पेट्रोलची गाडी पंचविशी ओलांडलेली, कार्बोरेटरच्या जमान्यातली. निवृत्तीनंतर मी तिला हेडर बसवले. म्हणजे असे, की इंजिनातला धूर बाहेर नेणारा ओतीव लोखंडाचा आखूड तुकडा काढला आणि त्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र अशा चार लांब, वळणदार नळ्या लावल्या. घरच्यांनी त्याला म्हातारचळ म्हटले. तेही चूक आहे. धूर मोकळा सुटला की इंजिनाची ताकद वाढते, हे शास्त्र आहे. शास्त्र तेवढ्यावर थांबत नाही, एवढे मात्र मान्य करतो. गाडी चढावर अडखळू लागली आणि मी ती मिस्त्रींकडे नेली.

"कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा, भागेल," मी म्हणालो.

"स्क्रूनं ती उभ्या जागी गोड बोलंल, साहेब. चढाला नाय." मिस्त्रींनी नळ्यांवरून बोट फिरवले. "तुमी हिचं मागचं दार मोठं केलं. आता पुढून वारा लई येतोय, आन् पेट्रोल व्हतं तेवढंच. उपाशीपोटी पळतीय ती."

"मी तीस वर्षं इंजिनं तपासली आहेत."

"व्हय. पर ती जेवून आलेली व्हती."

याला माझ्यापाशी उत्तर होते. ते मला घरी पोहोचल्यावर सुचले.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी एक बारीक पितळी तोटी असते, तिला जेट म्हणतात. ती आता मोठ्या भोकाची घालायची होती. किती मोठ्या, याचे उत्तर मिस्त्री गॅरेजमध्ये देत नसत. दौलताबादच्या घाटात देत. निम्म्या चढावर, ॲक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबलेला असताना, ते हाताने खूण करीत. त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करायचे, गाडी कडेला घ्यायची आणि तापलेले प्लग तिथेच बाहेर काढायचे. रिकामे इंजिन थोडे जरी फिरले तरी प्लगवरचा खरा रंग पुसला जातो, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे बरोबर होते. मी तपासून पाहिले आहे.

पहिल्या चढाला माझे इंजिन डब्यात खडे हलवावेत तसे वाजत होते. मिस्त्री शेजारी बसून निवांत डोंगर पाहत होते. गाडी थांबल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मला वाटले, माझी परीक्षा घेत आहेत. मी खड्यांचे सांगितले. त्यांनी मान हलवली, फडक्यात धरलेला प्लग उन्हाकडे फिरवला आणि म्हणाले, "पांढराफटक. माझा बाप पिशोरकडं मेंढरं राखायचा. मेंढीची पापणी उलटून बघायचा. लाल निघाली तर बरं. पांढरी दिसली की जनावर हातचं गेलं. हिचं बी तसंच. आणखी चार दिस पळवली असती तर पिस्टन वितळला असता."

दुसरी तोटी घातली तर प्लग काजळीने माखून निघाला. "आता हावरट झालीय," मिस्त्री म्हणाले. तिसऱ्या तोटीला दुधाच्या चहासारखा रंग आला. तो रंग नीट पाहावा म्हणून ते रस्त्याकडे पाठ करून उभे असताना वळणावरून एक एसटी हॉर्न वाजवत खाली आली. मी ओरडलो. ते हलले नाहीत. शेवटी मी त्यांना दंडाला धरून ओढले. बस निघून गेली, आणि मग मी त्यांच्या अगदी समोर उभा राहिलो.

"कधीपासून?"

"चार सालं झाली." त्यांनी प्लग फडक्यात गुंडाळला. "तोंडाकडं बघितलं की माणसाचं बोलणं उमगतं. इंजिनाला तोंड नाय. म्हणून तुमाला इचारतो." मग म्हणाले, "साहेब, बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण लावंल? दुसरं कायबी येत नाय मला. कुणाला बोलू नका."

मी शब्द दिला. भांडणे हा माझा स्वभाव आहे, चहाडी नव्हे.

आता त्या कान लावण्याच्या गोष्टीकडे येतो. बँकवाल्या गृहस्थांनीही माझे पाहून हेडर बसवले होते; ते हे नाकारतात. एके सकाळी त्यांची गाडी तीनच सिलिंडरवर लंगडत गॅरेजमध्ये आली. चारपाच गिऱ्हाइके बाकावर बसली होती. त्यांतला एक मिस्त्रींच्या पाठीमागे म्हणाला, "यांना ऐकायला कमी येतं म्हणे." दुसरा हसला आणि आपल्या गाडीची किल्ली परत खिशात टाकू लागला. त्यावर बँकवाले पुढे झाले, मिस्त्रींसमोर उभे राहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिस्त्री, कान लावून सांगा बरं, कुठला सिलिंडर मेलाय?"

दुष्टपणाची ही परिसीमा आहे, असे मला वाटले.

मिस्त्रींनी बँकवाल्यांच्याच हातातला पाण्याचा ग्लास घेतला, बोनेटखाली खोल वाकले आणि चालू इंजिनाच्या चारही नळ्यांवर एकेक थेंब सोडला. तीन नळ्यांवर पाणी चर्रकन वाफ होऊन गेले. ओळीतल्या तिसऱ्या नळीवर मात्र ते मण्यासारखे टिकून राहिले. त्या सिलिंडरात जाळच नव्हता, मग नळी तापणार कशी? मी बाजूला उभा होतो, मी हे पाहिले. बाकावरच्यांना दिसली ती केवळ वाकलेली मान.

"तीन नंबर," मिस्त्री सरळ होत म्हणाले. प्लगची वायर सुटलेली निघाली. किल्ली खिशातून परत बाहेर आली.

हे सारे लिहावे की नाही, हे विचारायला मी त्यांच्या पत्नीकडे गेलो. शब्द दिलेला होता. त्यातून मला मोकळे करण्याचा अधिकार आता त्यांचाच.

"लिवा की," त्या म्हणाल्या. "आता कोणाची गाडी माघारी जायची हाय? पर दादा, तुमचं बी चुकतंय. तुमाला एकट्यालाच ठाऊक व्हतं, असं लिवू नका. आख्ख्या गल्लीला ठाऊक व्हतं."

"बँकवाल्यांनाही?"

"त्यांना तर तुमच्या आधीपासून. कानाची गोष्ट त्यांनीच उठवली. पार वाळूजपस्तोर पोचवली, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून."

मी त्यांचे म्हणणे मान्य केले. असे क्वचित घडते. त्या गृहस्थांविषयी वर जे लिहिले ते मी खोडत नाही. माझे कुठे चुकले हे वाचकांनाही दिसले पाहिजे. हेडरच्या बाबतीत मात्र माझेच खरे आहे.

"सगळ्यांना माहीत आहे, हे मिस्त्रींना कळलं होतं का?" मी विचारले.

"नाय ओ." त्या हसल्या. "रोज सांजच्याला मोरीत हात घासताना म्हणायचे, आज बी कुणाला कळलं नाय. लई खूश असायचे. मी म्हणलं, त्या वाळूजच्या साहेबांना ठाऊक हाय, ते बोलले तर? तर म्हणाले, बोलू दे की. ते सगळ्यांचंच उलटं सांगत्यात, त्यांचं कोण खरं मानतंय."

त्या पदराने डोळे पुसत हसत राहिल्या आणि मलाही हसू आवरेना. मोरीच्या कट्ट्यावर मिस्त्रींची साबणाची वडी तशीच होती. ती वाळून तिला भेगा गेल्या होत्या.