बेणणी की बेणं

अगं, थांब. त्या गवताला असा हात घालू नकोस. आधी इकडे ये, माझ्याजवळ बस. येता-जाता शेंडे खुडतेस आणि वर म्हणतेस, काकू, साफ केलं हं मी. काही साफ झालं नाही, बाई. आमच्याकडे बेणणीला, म्हणजे तण काढायला, यायची ती बाय असती तर तुझ्या हातावर चापट बसली असती.

बाय माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे. आली की फाटकातच उकिडवी बसायची, एक काडी तोडून दोन बोटांत फिरवायची आणि मग बोलायची. काडी गोल फिरली तर आपली हिरवळ. बोटाला तीन धारा लागल्या तर लव्हाळा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी तिची बोटं कधी चुकली नाहीत. बाकीच्या तणांवर तिचा राग नव्हता. घोळ भाजीला घरी न्यायची, आंबुटी दिसली की म्हणायची, "हितं पानी साचतंय, पानी कमी घाल." लव्हाळ्याला मात्र ती घरजावई म्हणे. "खातो, वाढतो, नि उठ म्हटला तर उठत नाय."

ती आमच्याकडे आली ती माझ्या मूर्खपणामुळे. आमचे हे शाळेतून निवृत्त झाल्यावर गिरीजच्या या घरापुढे त्यांनी हिरवळ लावली, एकेक ठोंब स्वतःच्या हातानं. मग अर्धांगाचा झटका आला. खाट खिडकीशी ओढली. दिवसभर बघायला तेवढीच हिरवळ. आणि त्याच वर्षी तिच्यात लव्हाळा शिरला. मी रोज उपटायची, चार दिवसांत दुप्पट उभा. ते रोज जड जिभेनं विचारायचे, "गेला?" मी म्हणायची, हो, गेला. त्यांना दिसत होतं की.

शेवटी माझं डोकंच चालेना. कुणीतरी म्हणालं, मिठानं तण जळतं. आपण मिठागरांच्या मुलखातली माणसं, खडेमीठ काय, पोतंभर मिळालं. हे दुपारचे झोपलेले असताना ओंजळी भरभरून फेकलं. आठ दिवसांत खिडकीसमोरची सगळी हिरवळ करपली. यांनी ते पाहिलं. खिडकीकडे पाठ करून निजले, ते तसेच राहिले. आणि त्या करपलेल्या मातीतून पहिलं काय वर आलं असेल? लव्हाळ्याच्या सुया.

तेव्हा शेजारच्या वाडीत बेणणीला येणाऱ्या बायला मी हाका मारल्या. तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली.

"कोनी दिली ही अक्कल?"

"माझीच."

"माजा बाप मिठागरात राबला, मास्तरीनबाय. बांधावर काय उगवायचा म्हाईत हाय? ह्योच."

तिनं ती खारी माती वीतभर खोल काढून टाकली, नवी भरली, कडेची चांगली हिरवळ तुकडे करून तिथे लावली. "उघडी जागा ठेवलीस का तो बसलाच." मग मला खुरपं धरायला शिकवलं. आदल्या दिवशी पाणी द्यायचं, खुरपं उभं घालायचं, माती सैल करत गाठीपर्यंत जायचं. खाली काळ्या गाठींची माळ असते. माळ तुटली की मागे राहिलेली प्रत्येक गाठ नवा संसार मांडते. मी वरून ओढलं की ती चिडायची, "ही बेननी नाय. बेनं लावलंस तू." इतके दिवस मी तण काढत नव्हते, बियाणं पेरत होते.

एकदा यांनी पाठ न वळवताच विचारलं, "गेला?" मी हो म्हणणार, तेवढ्यात बाय बाहेरून ओरडली, "नाय गेला, मास्तर. बायको खोटा बोलतेय. पन कालच्यापेक्षा कमी हाय, बघा." हे हसले. किती महिन्यांनी. मग मला म्हणाले, वळव.

चादरीएवढा तुकडा हिरवा झालेला त्यांनी पाहिला. भाद्रपदात ते गेले. मी खुरपं कुंपणापलीकडे भिरकावलं. म्हटलं, आता कुणासाठी? दिवस झाल्यावर बाय आली. खुरपं शोधून आणलं, माझ्या मांडीवर ठेवलं. "मास्तर गेला. लव्हाळा नाय गेला. बस." सांत्वन म्हणून ती एवढंच बोलली. दोघी बसलो. मी रडत होते, ती माझ्या राहिलेल्या गाठी मागून काढत होती.

मागच्या वर्षी ती पडली. लेकीनं नंदाखालला नेलं. आज जाते, उद्या जाते करत माझे तीन आठवडे गेले, आणि मग लेकीचा निरोपच आला. त्याला माफी नाही.

आता माझी बोटं सुजतात, खुरपं धरवत नाही. भिंतीकडून लव्हाळा खिडकीपर्यंत आलाय. एकटीनं नाही गं होत. तुझी बोटं अजून वळतात. या गुरुवारी ये, ऊन चढायच्या आत. मी आदल्या संध्याकाळी पाणी देऊन ठेवते.